हॉटेल, फसवणूक आणि भ्रमनिरास

“मॅडम, हा एक शब्द काढा. मंग तुम्ही म्हणसान तेथं सही करतो,” असं म्हणून किशोरने अर्जावर बोट ठेवलं. बोटाखाली शब्द होता ‘फसवणूक’.

“तो काढला तर अर्जात उरतं काय?” समोरच्या पक्षाचे राऊत वकील म्हणाले.

“तुमची सही उरते ना,” किशोरची आई म्हणाली.

मी वर्ध्याच्या कोर्टात वकिली करते आणि अधूनमधून मेडिएटर म्हणून बसते. मेडिएटर म्हणजे मध्यस्थ. निकाल न्यायाधीश देतात, मी देत नाही. माझं काम एवढंच की भांडणाऱ्यांना एका टेबलाशी बसवायचं, बोलतं करायचं आणि टेबल उलटू द्यायचं नाही. तिथलं बोलणं बाहेर सांगायचं नसतं, म्हणून इथली नावं बदलली आहेत आणि हॉटेलही थोडं इकडचं तिकडे सरकवलं आहे. शब्दांना मात्र हात लावलेला नाही, कारण सगळी भानगड शब्दांचीच होती.

प्रकरण असं होतं. पल्लवी सिंदी मेघेची, वडिलांचं किराणा दुकान. किशोरचं हॉटेल जामच्या चौरस्त्याजवळ, हायवेला लागून. लग्न झालं, पल्लवी महिनाभरात माहेरी परतली आणि तिने लग्न रद्द करून मिळावं म्हणून अर्ज टाकला. आता ‘लग्न रद्द’ आणि ‘घटस्फोट’ यांत लोकांना फरक वाटत नाही, पण कायद्याला वाटतो. घटस्फोट म्हणजे लग्न होतं आणि मोडलं. रद्द म्हणजे पायाच कच्चा होता, सबब इमारत धरू नये. लग्नाआधी एखादी महत्त्वाची गोष्ट खोटी सांगून संमती मिळवली असेल, तर कोर्ट लग्न रद्द करू शकतं. पल्लवीच्या घरच्यांना रद्दच हवं होतं. रद्द झालं की मुलीच्या नावापुढे ‘घटस्फोटित’ लागत नाही. आमच्याकडे मुलीचं पुन्हा जमवायचं म्हटलं की हा शब्द तिच्या आधी पाहुण्यांच्या घरी जाऊन बसलेला असतो.

पण रद्द करायचं तर कोणीतरी फसवलेलं असलं पाहिजे. आणि फसवणारा म्हणून नाव लागणार किशोरचं. घटस्फोटाला तो एका पायावर तयार असल्याचं सांगत होता. ‘फसवणूक’ या शब्दाने मात्र त्याला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

“हायवेवर धंदा हाये माहा, मॅडम,” तो म्हणाला. “गिऱ्हाईक म्हणन, जो बायकोले फसवते तो तेलात काय टाकत असन.”

म्हणजे हिच्या कपाळचा शब्द टाळायचा तर तो त्याच्या कपाळी मारावा लागत होता. तारखांवर तारखा पडल्या, वेगळं राहून वर्ष उलटलं आणि शेवटी प्रकरण माझ्या टेबलावर येऊन पडलं.

“फसवणूक नेमकी काय झाली?” मी पल्लवीला विचारलं. आमच्याकडे फसवणुकीचे ठरलेले प्रकार येतात. नोकरी कायमची सांगतात, ती निघते ठेक्यावरची. मुलगा निर्व्यसनी सांगतात, तो फक्त बघण्याच्या कार्यक्रमाच्या दिवशी निर्व्यसनी असतो. एका प्रकरणात तर नवरदेवाचे केस निघाले होते, म्हणजे अक्षरशः निघून हातात आले होते. मी अशाच कशाची तरी वाट पाहत होते.

“यांनी सांगतलं, हॉटेल आहे,” पल्लवी म्हणाली.

“मग नाही का?”

“आहे.”

“मग?”

“ते हॉटेल नाई ना, मॅडम. ते हॉटेल आहे.”

मी पेन खाली ठेवलं. अशा वेळी लिहून घेण्यात अर्थ नसतो.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं. आमच्या भागात हॉटेल म्हणजे जिथे कढई तापते आणि चहा मिळतो ते. बाकडं असलं तर चांगलं हॉटेल, पंखा असला तर फारच चांगलं. राहायची सोय असते त्याला आम्ही लॉज म्हणतो आणि तिथे उतरलेल्याकडे जरा संशयाने बघतो. किशोरचं हॉटेल या हिशेबाने अव्वल दर्जाचं होतं. सकाळी तर्री-पोहे, दिवसभर आलुबोंडे, ट्रकवाल्यांची रांग. पण पल्लवीने नागपूरला हॉटेल मॅनेजमेंटचा कोर्स केला होता. त्या कोर्समधल्या हॉटेलला लॉबी असते, रिसेप्शन असतं, आणि मागे संगमरवर. तिला आयुष्यात एकच गोष्ट करायची होती. रिसेप्शनच्या मागे उभं राहून परगावच्या माणसाला हसून किल्ली द्यायची. नवऱ्याचंच हॉटेल आहे म्हटल्यावर तिला वाटलं, देवाने किल्लीसकट स्थळ पाठवलं.

“तिसऱ्या दिवशी आईंनी माह्या हातात झारा देल्ला,” ती सांगू लागली. “मले वाटलं, काही रीत असन यांच्याकडची. मी त्याले हळदकुंकू लावलं.”

“मग?”

“मग म्हणाल्या, आता पहिला घाणा काढ.”

राऊत वकिलांनी तोंडावर रुमाल धरला. आपल्याच पक्षकाराच्या दुःखावर हसणं त्यांच्या फीमध्ये बसत नव्हतं.

किशोरची आई, कमलाबाई, इतका वेळ कशीबशी गप्प होती. “आता माहं ऐका, बाई,” ती म्हणाली. “पोरगी हॉटेलचंच शिकलेली हाये म्हून त केली आम्ही. आचारी होता आमचा, चांगला हात होता त्याचा. सून येऊन राह्यली म्हून लग्नाच्या आधीच त्याले रामराम केला. अन् इनं काय केलं? आलुबोंड्याच्या कागदाचं कमळ बनवलं. गिऱ्हाईक फोटो काढून राह्यलं, खाऊन नाई राह्यलं. मंग सांगा, फसलं कोन?”

“मी फ्रंट ऑफिस शिकली,” पल्लवी म्हणाली. “मले भजी येत नाई.”

“फ्रंटलेच त उभी केलती तुले. कढई फ्रंटलेच हाये.”

हायवेवरच्या हॉटेलात कढई दर्शनी भागातच असते, हे मीही मान्य केलं.

आमच्या कामात कॉकस नावाचा प्रकार असतो. दोन्ही बाजूंना वेगवेगळं घेऊन बोलायचं, म्हणजे लोक समोरच्याला ऐकवायला न बोलता जरा खरं बोलतात. मी पल्लवीच्या वडिलांना आत बोलावलं. माझा साधा प्रश्न होता, मुलगी द्यायच्या आधी तुम्ही हॉटेल पाहिलं नाही का?

“पाह्यलं ना,” ते म्हणाले. “जाऊन आलो मी. चहा पेलो तेथं. आलुबोंडा बी खाल्ला.”

“मग घरी येऊन मुलीला काय सांगितलं?”

“सांगतलं, हॉटेल एक नंबर हाये. गिऱ्हाईक तुटून पडते.”

“ते चहाचं हॉटेल आहे असं नाही सांगितलं?”

त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. “मॅडम, हॉटेल म्हटल्यावर चहाचंच असन ना. कापडाचं थोडी असते?”

मला तेव्हा गंमत वाटली आणि काळजीही. हा माणूस खोटं बोललेला नव्हता. कमलाबाईही नाही. हॉटेल होतं, हायवेवर होतं, चालत होतं. पोरगीही खरोखर हॉटेलचंच शिकलेली होती. सगळे खरं बोलले होते आणि लग्न बुडालं होतं.

आता राहिला किशोर. लग्न ठरल्यावर दोघं फोनवर बोलत होते, मग तेव्हा कसं नाही कळलं? मी सगळ्यांना पुन्हा आत घेतलं, दोघांना समोरासमोर बसवलं आणि म्हटलं, आठवा, काय काय बोललात.

“हा म्हणे, आज दोन टुरिस्ट बस थांबल्या,” पल्लवी म्हणाली.

“थांबल्याच होत्या. चहाले,” किशोर म्हणाला.

“मी विचारलं, रूम किती आहेत?”

“मंग म्या बरोबर सांगतलं, एकच हाये पण एसी हाये.”

“एसी फॅमिली रूम, असं म्हणाला तू.”

“हाय ना. फॅमिली रूमच हाये ते.”

हायवेच्या हॉटेलात बायकापोरांना बसायला एक पार्टिशन टाकलेली खोली असते, तिला फॅमिली रूम म्हणतात. पल्लवीने त्या खोलीत मनातल्या मनात डबल बेड टाकला होता, चादरी घातल्या होत्या आणि उशाशी फूलही ठेवलं होतं. किशोरने तिथे चार टेबलं आणि सॉसच्या बाटल्या ठेवल्या होत्या.

“अन् म्या तुले विचारलं नाई का?” किशोर म्हणाला. “हॉटेलातलं काम जमन ना म्हून? तू म्हणली, तेच त शिकली.”

“तेच शिकली मी.”

“एकदा म्हणली, गेस्टच्या स्वागतासाठी मी वेलकम ड्रिंक देत जाईन. म्या म्हटलं, पोरगी चांगली हाये, पाण्याचा जग सोताहून उचलते.”

पल्लवी हसली. आधी नाकातून, मग तोंडावर हात धरून, मग हात सोडून. ती हसली म्हणून किशोरही हसला. कमलाबाईने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. पंधरा वर्षांची वकिली मला सांगत होती की आता वारं फिरलं. मी लगेच अर्ज पुढे ओढला.

“बघा,” मी म्हणाले, “फसवणुकीला दोन माणसं लागतात, आणि त्यातल्या एकाला तरी खरं माहीत असावं लागतं. इथे कोणालाच काही माहीत नव्हतं. तेव्हा हा शब्द इथे बसत नाही. दुसरा शोधू.”

“अपेक्षाभंग,” राऊत वकिलांनी सुचवलं.

“अपेक्षा म्हटलं की लोक म्हणतील, पोरीले हाव होती,” पल्लवी म्हणाली. “मी मागतलं काय होतं? एक काउंटर.”

“हिरमोड?” मी म्हणाले.

“हिरमोड त लेकराचा होते, मॅडम,” किशोर म्हणाला. “जत्रेतला फुगा फुटला का. आमचं लग्न होतं ते. सरळ लिहा ना, दोघांचा बी पोपट झाला.”

“कोर्टात पोपट चालत नाही,” राऊत म्हणाले आणि आपल्या मूळ अर्जातली एक ओळ अभिमानाने वाचून दाखवू लागले. वकिलाला एका शब्दाने कधी पुरत नाही. एका जखमेला तो तीन पट्ट्या बांधतो. ओळ होती, ‘अर्जदाराची घोर फसवणूक, विश्वासघात व भ्रमनिराश झालेला असून.’

“राऊत, भ्रमनिराश नाही,” मी म्हणाले. “भ्रमनिरास. शेवटी स.”

“टायपिंग आहे, मॅडम. अर्थ तोच.”

अर्थ तोच नाही, आणि यावर मला एरवीही राग येतो. निराश म्हणजे ज्याची आशा गेली तो. निरास म्हणजे दूर होणं, नाहीसं होणं. आपण शंकानिरसन म्हणतो ना, त्याच घराण्यातला हा शब्द. शंकानिरसन झालं म्हणून कोणी गळे काढत नाही. भ्रमनिरास म्हणजे भ्रम दूर झाला, इतकंच. नेत्यापासून जावयापर्यंत कोणाकडूनही मनासारखं झालं नाही की आपण भ्रमनिरास झाला म्हणतो आणि कपाळाला हात लावतो. खरं तर पेढे वाटायला हवेत. हे सगळं मी त्या टेबलाशी जरा जास्तच रंगून सांगितलं.

“म्हणजे भ्रमनिरास झाला त वाईट नाई?” पल्लवीने विचारलं.

“भ्रम वाईट. तो गेला तर चांगलंच.”

“मंग लोक रडतेत काऊन?” कमलाबाई म्हणाली.

“भ्रम आवडीचा असतो म्हणून.”

किशोरने अर्जावर पुन्हा बोट ठेवलं. मग म्हणाला, “हाच लिहा, मॅडम. दोघांचा बी झाला म्हून लिहा. फसवणूक काढा अन् हा टाका.”

“टाकता येणार नाही,” राऊत म्हणाले, आणि या वेळी त्यांचं बरोबर होतं. “भ्रमनिरास हे ग्राउंड नाही. ग्राउंड म्हणजे कायद्याने मानलेलं कारण. भ्रमनिरासावर लग्नं रद्द व्हायला लागली तर जिल्ह्यात एक लग्न शिल्लक राहणार नाही.”

कोणी हसलं नाही. कारण आता गाडी पुन्हा तिथेच आली होती. ‘फसवणूक’ ठेवली तर पल्लवीचं लग्न रद्द होण्याची आशा होती. काढली तर तिच्या हातातलं हत्यार गेलं. मी म्हटलं, तुम्ही दोघंच बाहेर जा, बाकावर बसा, चहा घ्या आणि बोला. मोठ्यांनी इथेच थांबायचं. कमलाबाई उठायला लागली, तिला मी हाताने खाली बसवलं.

खिडकीतून बाक दिसत होता. मध्यस्थाने खिडकीतून पाहू नये असा काही नियम नाही. ते आधी लांब बसले होते. मग चहा आला. किशोरने एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं, कोर्टाच्या चहाबद्दल धंद्यातला माणूस म्हणून काहीतरी बोलला असावा. पल्लवी हसली. मग ती बरंच काही बोलत राहिली आणि तो मान हलवत ऐकत राहिला. नंतर तो बोलला आणि ती ऐकत राहिली. एकदा तर दोघं असे हसले की बाजूच्या बाकावरच्या जामीनदाराने वळून पाहिलं.

माझा आनंद गगनात मावेना. मेडिएशनमध्ये तोडगा निघाला की झालं काम, मग तो कसाही निघो. पण तुटलेली जोडी नांदायला परत गेली तर त्याची मजाच वेगळी. मंडळी पेढे आणतात, न्यायाधीश वर बोलावून कौतुक करतात, आणि बाररूममध्ये निदान आठवडाभर लोक आपल्याला ज्ञानी समजतात. आमच्या ऑफिसच्या बाबूला मी आत बोलावून सांगूनही टाकलं, “एक जोडी परत पाठवतेय.” कमलाबाईने ऐकलं. ती म्हणाली, “येऊ द्या, बाई. भजी शिकवतो मी तिले. नाई जमली त गल्ल्यावर बसन.” पल्लवीचे वडील डोळे पुसत होते. त्या खोलीत आम्ही तिघांनी मिळून संसार पुन्हा थाटला, पडदेसुद्धा लावले.

दोघं आत आले. पल्लवी बसली आणि म्हणाली, “मॅडम, फसवणूक काढून टाका. पूर्ण अर्जातून.”

राऊत वकिलांचा चेहरा पडला. माझा उजळला. “शाबास,” मी म्हणाले. “मग नांदायला कधी जाणार?”

“नाई जाणार. आम्ही म्युच्युअल करतो.”

म्युच्युअल म्हणजे दोघांच्या संमतीने घटस्फोट. कोणावर आरोप नाही, कोणाची चूक नाही, दोघांनी मिळून दार ओढून घ्यायचं.

“अगं, पण मग तुझ्या नावापुढे ते लागणार,” मी म्हणाले. “रद्द नाही होणार लग्न. कळतंय ना तुला?”

“कळते, मॅडम. घटस्फोटित लागन, त लागू द्या. पण यानं मले एक बी गोष्ट खोटी नाई सांगतली. मंग मी कोर्टात काऊन खोटं लिहू?”

“पोरी, विचार कर,” तिचे वडील म्हणाले.

“बाबा, तुम्ही चहा पेले ना तेथं. कोनं फसवलं आपल्याले, सांगा.”

सांगण्यासारखं नाव त्यांच्याजवळ नव्हतं.

मी हार मानायला तयार नव्हते. “आत्ता तर तुम्ही दोघं हसत होतात,” मी किशोरला म्हणाले. वाक्य तोंडातून पडलं तेव्हा मला जाणवलं, मी मध्यस्थासारखी नाही, मुलीकडच्या मावशीसारखी बोलते आहे.

“पयल्यांदाच मोकळं बोललो, मॅडम,” किशोर म्हणाला. “तिले माह्या हॉटेलात यायचं नाई, अन् मले ते सोडायचं नाई. एवढंच होतं. वर्षभर दोघं बी मनातून वाट पाहून राह्यलो होतो, का समोरचा सुधरन. मले वाटे हे येईन अन् झारा धरन. तिले वाटे मी वरती रूमा बांधीन. तुम्हीच म्हणले ना, भ्रम गेला त चांगलंच.”

मी तसं म्हणाले होते. चांगली रंगून म्हणाले होते. मला वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, ते त्यांच्यासाठी कमी आणि पेढ्यांसाठी जास्त होतं. शब्दाचा अर्थ मी त्यांना शिकवला होता आणि ते दोघं तो घेऊन सरळ माझ्या पुढे निघून गेले होते.

समझोता लिहिला. किशोरने एकच अट घातली, दोन्ही पक्षांनी एकमेकांना कोणतीही खोटी माहिती दिलेली नव्हती, असं वाक्य त्यात हवं. ते घातलं. पल्लवीने आधी सही केली. खाडाखोड झाली नाही. कमलाबाईने राऊत वकिलांना विचारलं, या कागदाची नक्कल मिळते का, लॅमिनेशन करून गल्ल्याच्या मागे लावायची होती.

निघताना ती पल्लवीजवळ थांबली. मला वाटलं, काही टोचून बोलेल. “नोकरी लागली त सांगजो,” ती म्हणाली. “येऊन पाहीन एकदा, कसं असते थे तुह्यं हॉटेल.”

पुढे पल्लवीला नागपूरला एका हॉटेलच्या रिसेप्शनवर नोकरी लागली. तिच्यासाठी स्थळं येतात, ‘घटस्फोटित’ ऐकून काही परत जातात, आणि ती म्हणते की जाणारे लवकर कळले ते बरं. जामच्या हॉटेलात आचारी परतला, आता तो मालकासारखा वागतो. आणि कमलाबाई खरोखर नागपूरला जाऊन आली. परतताना कोर्टात शिरली आणि मला म्हणाली, “पाह्यलं, बाई. चकाचक हाये. पोरगी शोभते तेथं. चहा तेवढा पाणचट.”

मी अजून मेडिएशनला बसते. भांडत आत येणाऱ्या जोडप्याची मला आता काळजी वाटत नाही. माणूस भांडतो तोवर त्याला समोरच्याकडून काहीतरी हवं असतं, आणि तिथे मला काम करता येतं. हसत आत आले की मी गुपचूप म्युच्युअलचा मसुदा काढून ठेवते.